डावखुऱ्या पिचरची खोली

आमच्या बेसबॉल टीमचा खरा सीझन थंडीत असतो असं मी म्हणते, तेव्हा माझा नवरा नुसता हसतो. मेलबर्नमध्ये बेसबॉल उन्हाळ्यात खेळतात. नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतं आणि जानेवारीअखेर इथल्या शाळा उघडेपर्यंत आटोपतं. उरलेलं वर्षभर मैदानाला कुलूप. पण आम्हा चाहत्यांच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? कोण परत येणार, कोण रिटायर होणार, अमेरिकेतून यंदा कोणाला आणणार, शॉर्टस्टॉपच्या जागी उभ्या राहणाऱ्या फील्डरचा गुडघा बरा झाला का, यावर आम्ही वेरिबीतल्या एका बेकरीत रविवारी सकाळी भांडतो. कोणाशी करार झालेला नसतो, कोणी विमानात बसलेलं नसतं, आणि आम्ही मात्र त्याला बॅटिंगला तिसरा पाठवायचा की पाचवा, यावरून एकमेकांवर तुटून पडतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण ज्याने काढली तो नक्की कुठल्या तरी टीमच्या ऑफ-सीझनमधून उठून आला असणार.

मी मूळची क्रिकेटवाल्या घरातली. साताऱ्याला आमच्याकडे क्रिकेट सोडून बाकी सगळ्या खेळांना 'टाइमपास' म्हणत. इथे शिकायला आले तेव्हा बेसबॉल मला फक्त ऐकून माहीत होतं. पहिल्या उन्हाळ्यात मैदानाच्या कॅन्टीनमध्ये चिप्स तळायचं काम मिळालं, म्हणून मी त्या मैदानात गेले. खेळाशी मला काही देणंघेणं नव्हतं. शिफ्ट संपायची तेव्हा बस बंद झालेली असायची. एकदा बायकोबरोबर मॅच बघायला येणाऱ्या एका ट्रकड्रायव्हरने विचारलं, घरी कशी जाणार? मी म्हटलं, स्टेशनपर्यंत सोडलंत तरी चालेल. तो म्हणाला, स्टेशनवर तू राहतेस का? आणि त्याने मला दारापर्यंत सोडलं. पुढे सगळा सीझन सोडलं. पुढच्या सीटवर त्याची बायको बसायची आणि त्या दिवशी कोण कसा आउट झाला हे मागे वळून मला समजावून सांगायची. मी दिवसभर तेलाच्या वासात उभी असल्यामुळे त्यांच्या गाडीलाही चिप्सचा वास यायचा, पण दोघांपैकी कोणी कधी काच खाली केली नाही.

ती बाई आता नाही. तो माणूस रिटायर झालाय, दाढी पांढरी झालीय, आणि बेकरीतल्या आमच्या टोळीचा तोच म्होरक्या आहे. तो नसता तर मी पहिल्याच वर्षी बॅग भरून परत गेले असते. हे मी त्याला एकदा सांगून पाहिलं, तर तो लगेच हवामानावर बोलायला लागला.

गेल्या मार्चमध्ये माझी आई आमच्याकडे आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच आली होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी तिच्या अंगातली शाळा सुटलेली नाही. आमचं पॉइंट कुकचं घर तिने चार दिवसांत लख्ख केलं आणि पाचव्या दिवसापासून तिला करायला काही उरलं नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिफ्टला, लेक शाळेत, नवरा घरीच पण कानाला हेडसेट लावून बंद खोलीत. रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. दिसलाच तर कुत्र्याला घेऊन जाणारा, आणि तोही कुत्र्याशीच बोलायचा.

एकदा भांडी पुसता पुसता मी तिला म्हटलं, "आई, इथंच राहा ना. व्हिसाचं बघते मी."

"नको गं," ती म्हणाली. "माझं काय काम इथं?"

"बरं. तुझी मर्जी," मी म्हटलं. ऑक्टोबरचं परतीचं तिकीट होतंच. पण मला मनातून फार लागलं. साताऱ्याच्या त्या बंद फ्लॅटमध्ये ती एकटी काय करणार, हा विचार मला लॅबमध्ये काम करतानाही सोडत नसे. राग आला की मी गप्प बसते, आणि मी गप्प बसले की घरातल्यांना घर सोडावंसं वाटतं, असं माझी लेक म्हणते.

जूनमध्ये थंडी सुरू झाली आणि बेकरीतल्या सभाही सुरू झाल्या. पहिल्या रविवारी मी आईला म्हटलं, चल माझ्याबरोबर, घरात बसून काय करशील. ती शाल गुंडाळून आली. आठ-दहा माणसं, दोन टेबलं जोडलेली, आणि सगळे एकाच वेळी बोलतायत. विषय होता आमचा डावखुरा पिचर. क्रिकेटमध्ये जसा बोलर, तसा बेसबॉलमध्ये पिचर. हा मुलगा अमेरिकेतला, दोन सीझनपूर्वी इथे खेळून गेला होता. मग त्याचा खांदा दुखावला. आता तो बरा झालाय आणि परत यायला तयार आहे, अशी बातमी होती. कोणी म्हणे येणार, कोणी म्हणे थापा आहेत, कोणी म्हणे खांदा संपला.

आईने पाच मिनिटं ऐकलं. मग तिने चमचा उचलला आणि कपावर वाजवला. टण टण टण.

"वन ॲट अ टाइम," ती म्हणाली. "ज्याला बोलायचंय त्याने हात वर करायचा."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण काय आश्चर्य, त्या दाढीवाल्या, टोप्या घातलेल्या, बिअरची पोटं सुटलेल्या माणसांनी निमूटपणे हात वर केले. आईने एकेकाला उठवलं नाही एवढंच. ज्याने बातमी सांगितली त्याला तिने विचारलं, "कुठे ऐकलंस?" तो म्हणाला, असंच कोणीतरी म्हणत होतं. "मग खाली बस," ती म्हणाली. तो बसलेलाच होता, तरी आणखी थोडा खाली बसला.

नंतर तिने स्वतः विचारलं, "हा पिचर ओव्हर संपली की बदलत नाही? एकटाच टाकत राहतो?"

आमच्या म्होरक्या म्हाताऱ्याने समजावलं की हो, दमेपर्यंत तोच टाकतो.

"मग खांदा दुखेल नाही तर काय होईल!" आई म्हणाली. "आणि त्याची आई काही बोलत नाही?"

सगळे खो-खो हसले, पण म्हातारा हसला नाही. तो म्हणाला, बाई बरोबर बोलतायत, त्याला दमवलाच होता. तेव्हापासून दर रविवारी आई माझ्याआधी तयार होऊन दारात उभी असायची. थर्मासमध्ये स्वतःचा चहा. बेकरीचा चहा तिला गरम पाण्यात पिशवी बुडवल्यासारखा लागायचा, आणि तो तसाच होता. टेबलाच्या मधोमध असलेल्या तिच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेनासं झालं.

आता खरी गोष्ट. बाहेरून येणारे खेळाडू इथे हॉटेलात राहत नाहीत. चाहत्यांपैकीच कोणीतरी सीझनभर त्यांना घरात ठेवून घेतं. एक खोली द्यायची, जेवायला घालायचं, घरातलं माणूस समजायचं. ही घरं शोधायचं काम आमच्यातली लाल चष्म्याची एक बाई करते, हौसेने. ऑगस्टमधल्या एका रविवारी ती कपाळाला हात लावून बसली होती. डावखुऱ्याचं नक्की होत आलंय, पण गेल्या वेळी तो ज्यांच्याकडे राहिला ते घर विकून गेले आणि बाकी सगळ्यांच्या खोल्या भरल्या आहेत. राहायची सोय झाली नाही तर तो दुसऱ्या शहरातल्या टीमकडे जाईल.

माझी आई चटकन म्हणाली, "त्यात काय! आमच्याकडे पाठवा की. मोठं घर आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण तिचीही चूक नव्हती. आमच्याकडे असं म्हणायचंच असतं. समोरच्याची अडचण ऐकली की 'आमच्याकडे या' म्हणायचं. मग समोरच्याने 'छे छे, तुम्हाला कशाला त्रास' म्हणायचं. आपण पुन्हा आग्रह करायचा, त्याने पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदाही आग्रह टिकला, तर समजायचं की बोलावणं खरं आहे. पहिलं बोलावणं आणि पहिला नकार, दोन्ही नुसते पाट मांडण्यापुरते. त्यावर जेवायला कोणी बसत नाही.

लाल चष्म्याची बाई सरळ जेवायलाच बसली. "ओह, लव्हली!" ती म्हणाली, आणि तिचे डोळे खरोखर पाणावले. "शनिवारी खोली बघायला येते."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. टेबलाभोवती टाळ्या वाजत होत्या.

आमच्या घरात चार खोल्या. एक आमची, एक लेकीची, एक नवऱ्याचं ऑफिस, आणि एक आई आली की आईची. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो आईच्या माघारी म्हणाला, "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं." लेक म्हणाली, "ऑसम! कॅन आय टेल माय फ्रेंड्स?" मी विचार करत होते, शनिवारी त्या बाईला गोड बोलून नाही कसं म्हणायचं.

शनिवारी ती आली. मी चहा ठेवेपर्यंत आईने तिला आत नेलं होतं. मी गेले तर आई स्वतःच्या खोलीचं दार उघडून उभी. पलंगावर ताणून घातलेली चादर, उशाशी घडी केलेली शाल, खिडकीत तिने लावलेली कोथिंबीर. कपाटाचा एक कप्पा तिने रिकामाही करून ठेवला होता.

बाई खूश होऊन गेली. दार लावून मी वळले. "आई, ही तुझी खोली आहे!"

"मी ऑक्टोबरात जातेय ना," ती शांतपणे म्हणाली. "पोरगा नोव्हेंबरात येईल. सोयच झाली."

"तुला कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"बोलून गेले खरी. पण आता शब्द दिलाय."

मी त्या दिवशी फार चिडले. दोन थंड्या मी त्या डावखुऱ्याची वाट बघत होते. तो परत यावा म्हणून बेकरीत सगळ्यांत जास्त घसा मीच ताणला होता. आणि आता मला वाटायला लागलं, याचं विमान चुकलं तर बरं, याला दुसऱ्या टीमने जास्त चांगलं काही देऊ केलं तर बरं. त्या मुलाने येऊन ती चादर विस्कटली की आई गेली ती गेलीच. खोली रिकामी असती तर मी निदान मनातल्या मनात तिला परत आणून बसवलं असतं.

दुसऱ्या दिवशीचा रविवार. बेकरीत लाल चष्म्याच्या बाईने जाहीर केलं की डावखुऱ्याला घर मिळालं. आरडाओरडा झाला. कोणीतरी आईसाठी व्हॅनिला स्लाइस आणला. आईने कपावर चमचा वाजवला, सगळे गप्प झाले, आणि ती तिच्या स्वच्छ शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाली, "खोली नक्की रिकामी असेल. मी ऑक्टोबरमध्ये भारतात परत चाललेय."

टेबलावरच्या सगळ्यांना ती पाहुणी आहे हे माहीत होतं, पण ती जाणार आहे असं कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. लाल चष्म्याची बाई पांढरी पडली. "ती खोली तुमची होती?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "सीझन तरी बघून जा," तो आईला म्हणाला. "सगळी थंडी नुसती चर्चा केलीत. एक तरी मॅच बघायला नको?"

"नो, नो. थँक यू व्हेरी मच," आई म्हणाली. "मला जायलाच हवं."

म्हाताऱ्याने मान हलवली. "फेअर इनफ," तो म्हणाला, आणि विषय संपला. इथली माणसं अशीच आहेत. नाही म्हटलं की नाही. दुसऱ्याच्या नाहीला हात लावायचा नाही, याला ते सभ्यपणा समजतात, आणि एरवी मला तो सभ्यपणा फार आवडतो. आई उठून काउंटरवर सगळ्यांसाठी पेपर नॅपकिन आणायला गेली. तिची पाठ वळली तशी मी म्हाताऱ्याची बाही धरली.

"परत विचारा."

"ती नाही म्हणाली, मेट."

"ते पहिलं नाही होतं. आमच्यात पहिलं नाही धरत नाहीत. दुसरंही नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे मी पुन्हा विचारायचं? ते उद्धटपणाचं नाही होणार?"

"न विचारणं उद्धटपणाचं आहे," मी म्हटलं. त्याची बाही मी अजून सोडली नव्हती.

आई आली, बसली. त्याने घसा साफ केला. आयुष्यात कोणाला दोनदा विचारायची त्याच्यावर वेळ आली नसावी. मान लाल झाली होती. "बाई, मी पुन्हा विचारतो. राहता का?"

आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "घर बंद आहे माझं," ती म्हणाली. आवाज पहिल्यापेक्षा हळू होता. "इतके दिवस घर बंद ठेवणं बरं नाही. आणि खोली मी त्या मुलाला दिलीय."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो थांबला, दाढी खाजवली, आणि मग म्हणाला, "खोलीचं आपण बघू. त्याला मी माझ्या सोफ्यावर झोपवीन. माझी बायको गेल्यापासून या टेबलावर माझं वाक्य कोणी पूर्ण ऐकलं नव्हतं. तुम्ही आलात आणि या सगळ्यांना हात वर करायला लावलंत. राहा."

आता हवामानाबद्दल कोणी बोललं नाही. आईने नॅपकिनची घडी केली, उघडली, परत केली.

"विचार करते," ती म्हणाली.

त्या लोकांनी टेबल बडवलं. त्यांना ते काय ऐकू आलं कोण जाणे, पण बरोबर ऐकू आलं. मला त्यांचे हात धरून रडावंसं वाटत होतं. तेलाच्या वासाच्या एका मुलीला त्यांनी दारापर्यंत सोडलं होतं, आणि इतक्या वर्षांनी तिच्या आईला जाता जाता दारातच थांबवून घेत होते, स्वतःची रीत मोडून.

घरी जाताना आईने रिकामा थर्मास मांडीवर घेतला होता. फ्रीवेला लागलो तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "चांगली माणसं आहेत. कशासाठी राहा म्हणतात ते तरी सांगितलं त्यांनी."

"म्हणजे?"

"तू म्हणालीस, राहा ना, व्हिसाचं बघते. मला वाटलं, बाबा गेले म्हणून म्हणतेस. जबाबदारी म्हणून. मी नको म्हटलं, तर तू लगेच बरं म्हणालीस. मला वाटलं, सुटलीस."

मी गाडी चालवत होते म्हणून तिच्याकडे बघता आलं नाही. एरवी कोणी मला असं काही बोललं असतं तर मी शंभर कारणं दिली असती.

"आई, जबाबदारी म्हणून नाही," मी म्हटलं. "मला घरी आल्यावर तू हवी असतेस. लॅबमधून निघाले की मी आधी तुझ्या खोलीतला दिवा बघते. बाकी काही कारण नाही."

पॉइंट कुकचा एक्झिट आला आणि मी इंडिकेटर दिला.

"मग असं म्हणायचं होतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि पुढे तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जावईबापूंचं टेबल माझ्या खोलीत आणून टाका. दिवसा मी हॉलमध्येच असते, त्यांचा मला काही त्रास नाही. त्यांची खोली पिचरला. म्हाताऱ्या माणसाच्या सोफ्यावर झोपून खांदा काय बरा राहणार आहे त्या पोराचा?"